खाडीच्या मुखावरचं पद

तोंडवली, १७ नोव्हेंबर २०२४

गुलाम,

वर काय लिहावं ह्यातच अर्धी सकाळ गेली. 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. शाळेत शिकवलेला साष्टांग नमस्कार घालावा तर तू वयाने माझ्याहून चार महिन्यांनी लहान. शेवटी नुसतं नाव लिहिलं. पंचेचाळीस वर्षांत हे नाव मी कागदावर लिहिलेलं नाही.

पत्ता मुनीबने दिला. तुमचं खाडीपलीकडचं घर उघडून साफ करायला आला होता. मी होडीतून जाऊन गाठला त्याला. "चाचा पनवेलाक आसा, लेकीकडे, नाझमीनकडे. बरो आसा. बोलणा तेवढा कमी झाला हा," म्हणाला. मला हसू आलं. तुझं बोलणं जास्त कधी होतं?

घराच्या पायरीवर बसलो थोडा वेळ. जानकीबाई आठवल्या. सातवीत शेवटच्या तासाला त्या कविता चालीवर म्हणून घ्यायच्या, आणि तू खिडकीतून होड्या मोजत बसलेला असायचास. बाई विचारायच्या, "गुलाम, पुढची ओळ?" आणि तू होड्यांवरची नजर न काढता पुढची ओळ म्हणायचास. मला ती रात्रभर घोकून यायची, तुला नुसती ऐकून. मला त्याचा राग यायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

नववीत मी शाळेच्या हस्तलिखितात कविता दिली होती. तिच्या दोन ओळी मला अजून पाठ आहेत:

भरतीसंगे येई जे जे, ओहोटीसंगे जाई,
खाडीच्या या मुखापाशी उरते काही नाही.

बाईंनी पाठ थोपटली. तू शाळा सुटल्यावर म्हणालास, "उरता रे. चिखल उरता, मासळी उरता. तुझा डोक्या तेवढा रिता रवता." मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही.

तू कुवेतला गेलास, नंतर तुझं एकही पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही. असं होतं.

माझं बरं आहे. गुडघे वाजतात. सहज लिहिलं. तुला खाडीच्या पाण्यावरचा आपला तो लेख आठवतो का? आपला म्हणालो. छापताना नाव माझं एकट्याचं होतं, ते माहीत आहे.

दाजी


तोंडवली, ९ डिसेंबर २०२४

गुलाम,

उत्तर आलं नाही. यावं अशी अपेक्षा धरायचा मला हक्कही नाही, पण पोस्टमन वळणावर दिसला की मी पडवीत येऊन उभा राहतो.

मागच्या पत्रात 'सहज लिहिलं' म्हणालो, ते खरं नव्हतं.

झालं असं. आमच्या शेजारची सत्यवती खाडीच्या मुखाशी तिसऱ्यांचे शिंपले काढते. साठीची बाई, पण पाण्यात उभी राहिली की वाकलेली कमान. दिवाळीनंतर एका सकाळी मी तिथे फिरायला गेलो होतो. ती घाईघाईने टोपली भरत होती. मी म्हटलं, "अगो, पाणी आत्ता खंय फिरला. भरूक सहा तास आसत. काढ निवांत."

ती सरळ झाली. "सहा? सहा तास तुमच्या पुस्तकात, मास्तरांनू. हय पाणी येता ता चार तासांत, ढोरां सुटल्यासारख्या. आणि जाता ता आठ तास, पाय ओढीत. इतकी वर्सां खाडीर काढलास, तुमका ह्या म्हायत नाय?"

मी घरी आलो आणि लाइटबिलाच्या मागे गणित मांडलं. पाणी आत येतं चार तास, वेग दोन धर. चार दुणे आठ. बाहेर जातं आठ तास, वेग एक. आठ एके आठ. जेवढं आलं तेवढं गेलं. माझी कविता खरी. पण पाणी नुसतं येत नाही, ऊर्जा घेऊन येतं, आणि ऊर्जेची ने-आण वेगाच्या घनाने होते. दोनाचा घन आठ, चार तास: बत्तीस. एकाचा घन एक, आठ तास: आठ. बत्तीस आत, आठ बाहेर. दर फेऱ्याला चोवीस उरतात.

मुखापाशी उरते, गुलाम.

सत्यवतीने दुसऱ्या दिवशी विचारलं, मास्तरांनू, जेवलास नाय काय, तोंड असा कित्याक? मी तिला सगळं सांगत बसलो. पाण्याच्या कणाकणाचा वेग सांगणारं समीकरण जुनं आहे. त्यात वेगच वेगाला वाहून नेतो, म्हणून ते सरळ सुटत नाही. लेखात आपण दोघे ते सोडवायला बसलो नव्हतो. आपल्या खाडीसारख्या, एका बाजूने दर्याला उघड्या असलेल्या खाडीसाठी त्याला उकल आहे, एवढंच आपल्याला सिद्ध करायचं होतं.

"पाणी तर समोर वाहता," ती म्हणाली. "मग आसा काय नाय, ह्या कसला विचारतास?"

विद्यापीठातल्या वसतिगृहात हाच प्रश्न मी तुला केला होता. तू म्हणालास, "पाणी आसा म्हणान समीकरण खरा, असा नाय. पाण्याक परीक्षा नाय, परीक्षा समीकरणाक." मी सत्यवतीला तेच सांगितलं. तुझं म्हणून नाही सांगितलं. माझं म्हणून सांगितलं. बघ, सवय कशी असते.

तुझ्या चुलत्याची जाळी तू उदाहरणाला घ्यायचास. आधी मोठ्या आसाचं जाळं, मोठ्या भोकांचं. मग बारीक, मग आणखी बारीक. प्रत्येक जाळ्यात एक कच्ची उकल सापडते. जाळं बारीक करत नेताना पाण्याची ऊर्जा एका ठरावीक आकड्याच्या वर गेली नाही, तर शेवटी खरी उकल हाती लागते. गेली, तर काहीच लागत नाही. तळाचा चिखल ऊर्जा खातो, ती बाजू सोपी. उरतं मुखावरचं पद, मुखातून ये-जा करणाऱ्या ऊर्जेचा हिशेब. पान सात, ओळ चौथी. तिथे मी लिहिलं: 'हे पद भरती-ओहोटीच्या एका फेऱ्यात शून्य होते.' सिद्धता दिली नाही. कशाला देईन? मला ते नववीपासून पाठ होतं.

दोन गोष्टींची मला ओढ लागली आहे. एक, पान सात दुरुस्त होतं का बघणं. दुसरी, 'ते पद शून्य होत नाही' हे तुझं म्हणणं बरोबर होतं, एवढं तुझ्या कानावर घालणं, आपल्यापैकी एक जण जायच्या आत.

दाजी


तोंडवली, ४ जानेवारी २०२५

गुलाम,

दुरुस्त होतंय! म्हणजे होईल असं वाटतं. तीन आठवडे सकाळची पेज झाली की बसतो. चाळीस वर्षांनी इतकं सलग गणित करतोय, डोळे पाणावतात पण थांबत नाहीत. भरती लहान धरली तर चिखल जेवढं खातो ते मुखातून येणाऱ्यापेक्षा जास्त भरतं, आणि सगळं नीट बसतं. म्हणजे अष्टमीच्या आसपास, भांगाच्या पाण्याला, आपला सिद्धांत खरा आहे. आता फक्त उधाणाचं पाहायचं राहिलं.

हात मोकळा झाला तसं बाकीचंही सांगून टाकतो.

ते पद मी का सोडलं? कविता पाठ होती हे अर्धंच कारण. सगळी सिद्धता मी भुजंगप्रयातासारखी चालवत आणली होती, ओळीमागून ओळ, एक मात्रा इकडे नाही की तिकडे नाही. आणि ते पद ठेवलं की ओळ मोडायची, तोंडात खडा आल्यासारखी. तू दहा वेळा ते परत लिहिलंस, मी दहा वेळा खोडलं. शेवटी तू म्हणालास, "ह्या असला रवला तर माझा नाव नको." आणि मी तुझं नाव काढलं. तू रागाने बोललास आणि मी ते शब्दशः घेतलं.

मग विद्यापीठातल्या चर्चासत्रात आपल्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, गुलामचं नाव कसं नाही? मी म्हणालो, "सर, त्याला शंका फार. गणित बेताचं." लोक हसले. तू मागे दारात उभा होतास. तू एवढंच म्हणालास, "दाजी, पान सात परत वाच." आणि चपला घालून गेलास.

दुसऱ्या महिन्यात तुझी शिष्यवृत्ती थांबली. माझ्या बोलण्याचा त्याच्याशी संबंध होता का, मला माहीत नाही.

मीही कुठे पोचलो नाही, हे तुला मुनीबकडून कळलं असेल. वडील अंथरुणाला खिळले, मी घरी आलो, दहावीला तीस वर्षं बीजगणित शिकवलं. तो लेख शाळेच्या कार्यालयात चौकटीत लावला आहे. 'आपल्या खाडीचे गणित सोडवणारे आपले सर' असं खाली रंगाने लिहिलंय. पाहुण्यांना दाखवतात.

उधाणाचं जमलं की कळवतो. ह्या वेळी नावं दोन असतील. तुझं आधी.

दाजी


तोंडवली, २९ जानेवारी २०२५

गुलाम,

नाही जमलं.

वीस दिवस मी तेच तेच केलं. भरती जरा मोठी धरली की उजव्या बाजूला ऊर्जेचा घात वाढतो, आणि मर्यादा काही काळापुरतीच टिकते. किती काळ? उधाण जितकं मोठं तितका कमी. मी आकडे घालून पाहिले. आपल्या खाडीला, पुनवेच्या उधाणाला, सिद्धता चाळीस मिनिटं टिकते. त्यापुढे उकल आहे की नाही, मी सांगू शकत नाही. हल्लीचे काही लेख वाचले. ज्यांना माझ्या शंभरपट कळतं त्यांनीही मुख उघडं ठेवलं की हाच खड्डा दाखवला आहे. पाणी उलटं आत शिरतं तिथे कोणाचंच चालत नाही.

तू हे सत्त्याहत्तर साली म्हणाला होतास. वसतिगृहाच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या लुंगीखाली बसून.

सोमवारी शाळेत गेलो. संचिता मुख्याध्यापिका आहे आता, माझीच विद्यार्थिनी. तिला म्हटलं, "ती चौकट काढ. लेख चुकीचा आहे."

"सर, काहीतरीच!"

"पान सात, ओळ चौथी. पुढचं सगळं कोसळतं."

ती बिचारी घाबरली. मग हळूच म्हणाली, "सर, राहू दे ना. तिच्यामागे भिंतीला ओल आलीय. गेल्या वर्षी रंगवताना तेवढाच चौकोन सोडला होता आम्ही."

मी म्हटलं, बरं, निदान चूक झाल्याची नोंद तरी छापून येऊ दे. लेख छापणारं ते त्रैमासिक कुठे आहे बघ. तिने संगणकावर शोधलं. बंद पडून एकोणीस वर्षं झाली. मग मी विचारलं, ह्या लेखाचा आधार किती जणांनी घेतला ते दिसतं का? मला धास्ती होती, गुलाम. माझ्या चुकीच्या ओळीवर कोणी घर बांधलं असेल, तर त्यांना कळवायला हवं.

ती बराच वेळ खाली-वर करत राहिली.

"सर... एकही नाही."

"एक तरी असेल."

"नाही सर. शून्य."

म्हणजे कोणाची फसवणूक झाली नाही. तो लेख नीट वाचला असा जगात एकच माणूस होता, आणि मी त्याला दारातून बाहेर काढलं. चौकट आहे तिथेच आहे. संचिताने चहा दिला, तो प्यायलो.

एकदा लिही. शिव्या लिही. तुझ्या मालवणी शिव्या वर्गात एक नंबर होत्या.

दाजी


तोंडवली, २० फेब्रुवारी २०२५

गुलाम,

पत्र आलं. पोस्टमनने लांबूनच हात वर केला. पाकिटावर पनवेलचा शिक्का. मी पडवीत उभ्यानेच फोडलं. नाझमीनचं होतं. जसंच्या तसं उतरवतो, म्हणजे तुझ्या घरून काय लिहून आलं ते तुला कळेल.

"दाजीकाका, तुमची चारही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला उशीर केला, कारण काय लिहायचं कळत नव्हतं. बाबांची ओळख गेली आहे. दोन वर्षं होतील. मला ते कधी आपली बहीण समजतात, कधी नर्स. दुपारी जेवण झालं की मी तुमच्या पत्राचं एकेक पान वाचून दाखवते. गणिताचं मला काही कळत नाही, तरी तेही वाचते, कारण तेव्हा ते शांत बसतात. मध्येच विचारतात, 'भरती आसा काय ओहोटी?' मी म्हणते, बाबा, हय पनवेलात खंय दर्या? मग रागावतात. कुवेतला बंदरावर तीस वर्षं ते पाण्याची पातळीच लिहीत होते, त्यामुळे असेल. तुमचं नाव मी पुनःपुन्हा सांगितलं. 'कोण दाजी?' म्हणाले. रागाने नाही हो, काका. नुसतं विचारलं. तुम्ही माफी मागताय एवढं मला कळलं. ती मी कशी देणार? पण पत्रं पाठवत राहा. वाचायला काहीतरी लागतं."

कोण दाजी.

मला वाटलं होतं, तू एक तर हसशील, नाही तर थुंकशील. दोन्हींची तयारी होती.

आता तुझ्यापर्यंत काहीच पोचणार नाही तर जे चार पत्रांत लपवलं ते लिहायला भीती कसली?

पहिल्या पत्रात मी लिहिलं, तुझं एकही पत्र आलं नाही. आलं होतं. जून एक्क्याऐंशी, कुवेतचं निळं पाकीट. तू लिहिलं होतंस: 'दाजी, इकडच्या बंदरात पाणी मोजायचं काम मिळालं. गावच्या खाडीची आठवण येते. एक साधं गणित पाठवतो. भरती चार तास, वेग दोन. ओहोटी आठ तास, वेग एक.' खाली बत्तीस. खाली आठ. खाली चोवीस, दोनदा अधोरेखित. आणि शेवटी: 'रागावू नको. अजून दुरुस्त करता येईल, दोघे बसलो तर. मी सुटी काढून येतो. फक्त ये म्हण.'

लाइटबिलामागचं गणित माझं नव्हतं. सत्यवतीने मला नवीन काही सांगितलं नाही. ती म्हणाली ते खरं, इतकी वर्षं खाडीवर काढली, मला माहीत होतं. तुझं पत्र वाचून मिनिटभरात मला कळलं होतं की लेख गेला. त्याच आठवड्यात शाळेने चौकट लावायची म्हणून समारंभ ठेवला होता. वडील खुर्चीवर बसून येणार होते. मी पत्र कवितेच्या वहीत ठेवलं. वाटलं, समारंभ होऊ दे, मग 'ये' लिहू. मग वडील गेले. मग पाऊस सरला. मग वर्ष झालं, आणि वर्षाने काय लिहिणार? नोकरीची तीस वर्षं मी त्या चौकटीसमोरून सही करायला जात होतो.

आणि शिष्यवृत्तीचं. 'मला माहीत नाही' म्हणालो. माहीत आहे. सरांनी मला खोलीत बोलावून विचारलं होतं, दोघांपैकी एकाची वाढवता येईल, काय करू? मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्यांनी तेच उत्तर धरलं.

तू दोघे बसलो तर म्हणाला होतास. तेव्हा बसलो असतो तरी उधाणाचं जमलं नसतं, हे आता मला ठाऊक आहे. ते अजून कोणालाच जमलेलं नाही. पण आपण दोघांनी न जमलेलं असतं. भांगापुरता एक लहानसा, खरा सिद्धांत आपल्या नावावर असता, तुझं नाव आधी.

काल तुझं निळं पाकीट उघडून तो कागद उन्हात धरला. शाई फिकी पडलीय. चोवीस अजून वाचता येतात.

दाजी


तोंडवली, २ मार्च २०२५, दुपारचे दोन

(नाझमीन, हे कार्ड जेवणानंतर वाचून दाखव. गणित नाही ह्यात.)

गुलाम,

ओहोटी आसा. लागान दोन तास झाले, अजून सहा तास जातली. सत्यवती टोपली घेऊन उतरली हा. तुमच्या घराच्या पायरीपासून पाणी चार हात मागे गेला, चिखल दिसता.

ह्या कार्ड तुका मेळासर चार दिवस जातले. तवसर पाणी पंधरा-सोळा वेळा फिरला असतला, आणि तू इचारशीत तेव्हा माझा उत्तर खोटा ठरतला. ता माका म्हायत आसा.

पण मी बघलंय तेव्हा ओहोटी होती.

दाजी